शाळेतलं पाणी: कामाला सुरुवात नालीपासून

शाळेत पाण्याचं काम करायचं ठरलं की सगळ्यांची नजर आधी छपराकडे जाते. पन्हाळी बसते, भिंतीवर घोषणा रंगवली जाते, उद्घाटनाचा फोटो निघतो. दोन पावसाळ्यांनी पन्हाळी एका बाजूनं लोंबकळते, फिल्टरच्या खड्ड्यात गाजरगवत उगवतं आणि हात धुण्याच्या जागेवरचा चिखल होता तिथंच असतो. छपराचं काम वाईट नाही. फक्त ते पाचव्या क्रमांकाचं काम आहे.

कारण साधं आहे. विदर्भात पाऊस जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यातही पन्हाळी भरून वाहील असे दिवस थोडे. नालीतून पाणी मात्र शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी वाहतं. छपराला पैसे लागतात, मंजुरी लागते. नालीच्या कामाला फावडं, दोन पाइपचे तुकडे आणि आठवडाभराची चिकाटी पुरते. म्हणून या लेखातला क्रम असा: मोजणी, गळती, हात धुण्याची जागा, खिचडीच्या भांड्यांचं पाणी, मग छप्पर आणि शेवटी जमीन. डोळ्यापुढे ठेवली आहे ती शंभर-सव्वाशे पटाची जिल्हा परिषदेची शाळा, जिथं एक बोरिंग आहे, नळयोजनेचा नळ आहे पण तो येईल तेव्हा येतो, आणि इमारत अर्धी स्लॅबची, अर्धी टिनाची किंवा कवेलूची.

आधी मोजा

१५ लिटरची बकेट, एक लिटरचा मग्गा आणि घड्याळ एवढंच सामान. पाचवी ते सातवीची मुलं हे काम आनंदानं करतात, आणि गणिताचा तासही होतो. नळ पूर्ण उघडून बकेट किती सेकंदांत भरते ते पाहा. मग हात धुणाऱ्या दहा मुलांच्या नळाखाली घमेलं ठेवा, जमलेलं पाणी मग्ग्यानं मोजा, दहानं भागा. ताट धुण्याचंही तसंच. मुलांना 'पाणी मोजतोय' असं आधी सांगू नका. सांगितलं की त्या दिवशी सगळे काटकसरी होतात.

१२० पटाच्या शाळेचा हिशोब साधारण असा मांडता येईल. पिण्याला डोई दीड लिटर, म्हणजे १८०. हात धुणं दिवसातून दोनदा, एकेक लिटर, म्हणजे २४०. ताट धुणं दीड लिटरप्रमाणे १८०. स्वयंपाक आणि मोठी भांडी १२०. शौचालय-मुतारी डोई तीन लिटर, ३६०. फरशी पुसायला ४०. एकूण ११२० लिटर. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण यातलं हात आणि ताटं धुतलेलं ४२० लिटर पाणी, म्हणजे एकूण वापराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, फार घाण झालेलं नसतं. झाडाला रोज दहा लिटर धरले तरी त्यात चाळीस झाडं जगतात.

दिवसा भरणाऱ्या शाळेसाठी भारतीय मानक डोई ४५ लिटर पाणी धरतं. वरच्या हिशोबात डोई साडेनऊसुद्धा भरत नाही. तेव्हा बचतीचा अर्थ नीट ठरवून घ्या: पिण्याच्या आणि शौचालयाच्या पाण्यात काटकसर करायची नाही. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी दहा वाजताच ऊन भाजून काढतं, तेव्हा पोरांनी जास्त प्यायला हवं. शौचालयात पाणी नसलं तर मुली दिवसभर पाणी पीतच नाहीत, हे प्रत्येक मॅडमना माहीत आहे. बचत करायची ती वाया जाणाऱ्या पाण्यात.

गळती

शनिवारी शाळा सुटताना सगळे नळ बंद करा आणि वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूनं खूण करा. सोमवारी सकाळी मोटर सुरू करण्याआधी पाहा. टाकीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढून दहानं गुणलं की एक सेंटिमीटर उतार म्हणजे किती लिटर ते कळतं. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीला हे उत्तर ९ ते १० लिटर येतं. पातळी चार सेंटिमीटर उतरली असेल तर ३५-४० लिटर पाणी कुणीही न वापरता गेलं.

ठिबकणाऱ्या नळाखाली दहा मिनिटं पेला ठेवा. १०० मिली जमलं तर दिवसाला १४ लिटरच्या वर होतात. इलाज बहुतेक वेळा एका रबरी वायसरचा असतो. वायसर, टेफ्लॉन टेप आणि एक पाना हे सामान मुख्याध्यापकांच्या कपाटात कायम ठेवा, आणि गावातल्या प्लंबरची वाट न पाहता वायसर बदलायला एक शिक्षक व सातवीची चार मुलं-मुली शिकून घ्या.

सर्वात मोठी गळती मात्र नळाची नसते, मोटरची असते. टाकी भरून वाहते, वर्गात कविता चालू असते, कुणाचं लक्ष नसतं. मोटर मिनिटाला ४० लिटर फेकत असेल तर दहा मिनिटांत ४०० लिटर गेले. दोन उपाय करा: टाकीच्या वाहत्या तोंडाला पाइप जोडून तो वर्गासमोरच्या झाडात सोडा, म्हणजे पाणी तरी वाया जात नाही आणि आवाज येतो, आणि टाकी किती मिनिटांत भरते ते एकदा मोजून स्टार्टरच्या बाजूला ठळक लिहा. आपोआप बंद होणारी यंत्रं मिळतात, पण व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावात ती किती टिकतात हे आधी जवळच्या शाळेत विचारून घ्या.

नळांचा जोर जास्त असेल तर मुख्य कॉक अर्धा बंद करा. याला एक पैसा लागत नाही आणि फरक त्याच दिवशी दिसतो.

हात धुण्याची जागा

रांगेत सहा नळ लावले की पोरं नळ उघडा ठेवून साबण लावतात. त्यापेक्षा एक आडवा पाइप बरा. सव्वा इंची पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या बाजूला फुटा-फुटावर तीन मिलिमीटरची भोकं पाडा, एका टोकाला बूच आणि दुसऱ्या टोकाला एकच कॉक. लहान वर्गांसाठी पाइप जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, मोठ्यांसाठी अडीच-पावणेतीन. मुलं दोन्ही बाजूंनी उभी राहतात. मुलांच्या शालेय मंत्रिमंडळातला पाणीमंत्री कॉक उघडतो, हात ओले होतात, कॉक बंद. वीस सेकंद साबण. पुन्हा कॉक उघडतो, हात धुऊन होतात. एका मुलाचं पाणी अर्ध्या लिटरच्या आसपास येतं, आणि जेवणाआधीची धक्काबुक्की संपते, हा वेगळाच फायदा. कॉक मोठ्यांच्या हातात असला की हे चालतं असं वाटतं. उलट मुलांकडे दिला तरच ते जास्त कडक शिस्तीनं चालवतात.

साबण जाळीच्या पिशवीत घालून पाइपला बांधा. मोकळा ठेवला तर कावळा नेतो.

खाली सिमेंटचा ओटा, त्याला एका बाजूला उतार, उताराच्या टोकाला जाळी. जाळीनंतर फूट-दीड फूट खोल छोटी कुंडी, जिच्यात माती आणि भाताची शितं बसतील. या कुंडीतून पाणी वरच्या बाजूनं पुढे जायला हवं, तळातून नाही. ही कुंडी आठवड्यातून एकदा उपसणं हे पूर्ण व्यवस्थेतलं सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात महत्त्वाचं काम. ती भरली की पुढचं सगळं तुंबतं.

बोरिंगच्या ओट्यालाही हेच करा. हातपंपावर गाव पाणी भरतं, घागर-गुंड विसळतं, आणि सांडलेलं पाणी ओट्याच्या फटीतून परत बोरमध्ये उतरतं. ओटा फुटलेला असेल तर पुनर्वापराच्या आधी तो दुरुस्त करा, कारण तो प्रश्न पाणी वाचवण्याचा नाही, मुलांच्या पोटाचा आहे.

खिचडीची भांडी

पोषण आहाराच्या भांड्यांच्या पाण्यात तेल आणि खरकटं असतं, म्हणून ते हात धुतलेल्या पाण्यापेक्षा लवकर वास मारतं. निम्मं काम पाणी वापरण्याआधीच होतं: मुलांनी ताट धुवायला नेण्याआधी उरलेलं बोटानं पुसून एका बकेटीत टाकायचं. ती बकेट गावातल्या ढोरांना जाते किंवा खताच्या खड्ड्यात. मग दोन टब: पहिल्यात राख किंवा साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी. शेवटची विसळणी मात्र वाहत्या स्वच्छ पाण्यानं, ताटामागे अर्धा लिटर. टब गढूळ झाले की बदलायचे. काटकसर म्हणून त्याच पाण्यात शेवटचं ताट बुडवू नका.

तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी वेगळ्या बकेटीत धरायला स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगा. ते थेट कोणत्याही झाडाला चालतं. बहुतेक ताई घरी हे करतच असतात, शाळेत फक्त बकेट ठेवलेली नसते.

भांड्यांच्या नालीवर तेल अडवणारी पेटी बसवा. दोन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट खोल विटांची कुंडी, मधोमध एक फरशी उभी लावायची, अशी की ती तळापासून सहा इंच वर राहील. पाणी फरशीच्या खालून पलीकडे जातं, तेलाची साय अलीकडे वर तरंगत राहते. ती आठवड्यातून एकदा काढून खताच्या खड्ड्यात टाकायची. वर झाकण हवंच, नाहीतर डास.

हे पाणी द्यायचं कुठं

दोन्ही नाल्या एकत्र करून पाणी झाडांकडे न्या. माझी पसंती केळीच्या आळ्याला. दीड-दोन मीटर व्यासाचा, तीन फूट खोल गोल खड्डा काढा, निघालेली माती काठावर रचा, खड्डा पऱ्हाट्या, तुराट्या आणि पालापाचोळ्यानं गच्च भरा. काठावर चार-पाच केळी, मधल्या जागेत अळू आणि कर्दळ. पाइपचं तोंड पाचोळ्याच्या आत सोडा, म्हणजे पाणी उघड्यावर दिसत नाही. पाचोळा बसत जातो, वर नवा टाकत राहायचा. १२० पटाला अशी दोन आळी करा आणि पाणी एक दिवसाआड आलटून-पालटून सोडा. एकच असलं तर जमिनीला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही आणि वास सुटतो.

पपई, शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांनाही हे पाणी मानवतं. कोथिंबीर, मुळा, गाजर, पालक यांना देऊ नका. जे कच्चं खाल्लं जातं किंवा ज्याच्या पानाला पाणी लागतं ते या पाण्यापासून लांब. साठवू तर अजिबात नका. २४ तासांच्या वर हे पाणी टाकीत राहिलं की त्याचं नालीतलं घाण पाणी होतं. फरशी ज्या फिनेलनं पुसता आणि शौचालय ज्या ॲसिडनं धुता, ते पाणी या नालीत कधीच येता कामा नये.

शाळेत आरओ यंत्र असेल तर त्याचं फेकलेलं पाणी वेगळं धरा. ते शौचालयात आणि फरशी पुसायला वापरा. झाडांना दिलं तर वर्षभरात माती खारावते, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारट आहे, तर ते घातकच.

उरलेलं पाणी मुरवणं, आणि काळ्या मातीचा अडथळा

पावसाळ्यात आळी आधीच भिजलेली असतात, तेव्हा जादा पाण्याला शोषखड्डा लागतो. इथंच विदर्भातल्या बऱ्याच शाळा फसतात. शोषखड्ड्याचा नकाशा कुठूनतरी येतो, चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा होतो, आणि श्रावणात तो काठोकाठ भरून राहतो. दोष खड्ड्याचा नसतो, काळ्या मातीचा असतो. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पण एकदा भिजून फुगली की तिच्यातून पाणी जवळजवळ उतरतच नाही.

म्हणून खणण्याआधी चाचणी घ्या. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, आत पट्टी उभी करा आणि दर तासाला पाणी किती सेंटिमीटर उतरलं ते लिहा. तासाला एक-दोन सेंटिमीटरही उतरत नसेल तर त्या थरात शोषखड्डा चालणार नाही. मग पहार घेऊन खाली मुरूम किती फुटांवर आहे ते पाहा. चार-सहा फुटांत लागला तर खड्डा मुरमात फूट-दोन फूट नेला पाहिजे. लागलाच नाही तर खड्ड्याचा हट्ट सोडा आणि आळी वाढवा, किंवा कुंपणाच्या कडेनं दोन फूट रुंद, दोन फूट खोल लांब चर काढून त्यात पाचोळा भरा व झाडं लावा. तिथं पाणी जमिनीत कमी आणि झाडांच्या मुळांतून जास्त जातं. आपल्याला तेच हवं.

मुरूम सापडला तर नांदेड जिल्ह्यात गाजलेल्या जादूई शोषखड्ड्याची रचना करा. खड्ड्याच्या तळाला मोठे दगड. मधोमध सिमेंटची गोल टाकी, जिला वरच्या अंगाला चारही बाजूंनी भोकं आहेत. भोवती दगड, त्यावर गिट्टी. नालीचा पाइप टाकीत येतो, गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत जातं. वर पोती किंवा जाड प्लॅस्टिक, त्यावर माती, फक्त टाकीचं झाकण उघडता येईल असं. जुन्या पद्धतीच्या, नुसत्या दगडांनी भरलेल्या खड्ड्यात गाळ दगडांच्या फटीत बसतो आणि खड्डा कायमचा मरतो. यात गाळ बादलीनं काढता येतो. विहीर किंवा बोरिंगपासून निदान १५ मीटर लांब ठेवा.

छप्पर

आता पन्हाळी. हिशोब सोपा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. १०० चौरस मीटरचं टिनाचं छप्पर आणि ७०० मिमी पाऊस धरला, उडून-सांडून जाणारं वजा करून ८० टक्के हाती लागलं, तर ५६,००० लिटर. पूर्व विदर्भात पाऊस १२०० मिमीच्या पुढे जातो, तिथं तेच छप्पर लाखाजवळ पोचतं. कवेलूवर हात आखडता घ्या, ती पाणी पितात आणि माती सोडतात. जुनी सिमेंटची नाळीदार पत्रं असतील किंवा स्लॅबवर नुकतंच डांबर मारलं असेल, तर ते पाणी पिण्याला धरू नका. शौचालय आणि झाडांना चालेल.

मात्र ५६,००० चा आकडा ऐकून उन्हाळ्याची स्वप्नं पाहू नका. ५,००० लिटरची टाकी वरच्या शाळेला पाच दिवसही पुरत नाही. तिचं खरं काम पावसाळ्यातलं आहे: जुलै-ऑगस्टमध्ये ती भरते, शौचालयाला वापरून रिकामी होते, पुन्हा भरते. तेवढे दिवस बोरिंगवरची मोटर कमी चालते. मे महिन्यासाठी पाणी साठवायचं असेल तर ते टाकीत साठत नाही, जमिनीत साठतं.

अपवाद आहे तो खारपाणपट्ट्याचा आणि फ्लोराइडच्या गावांचा. पूर्णेच्या खोऱ्यात बोरिंगचं पाणी खारट, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर. उकळून यातलं काहीच जात नाही. अशा शाळेत पावसाचं पाणी फक्त पिण्यासाठी राखायचं. १०० मुलं, डोई दीड लिटर, पाऊस संपल्यापासून शाळा संपेपर्यंत १४० दिवस: २१,००० लिटर. म्हणजे २०-२५ हजारांची झाकलेली टाकी वर्ष काढते. इथं खर्च करण्यात अर्थ आहे, आणि ग्रामपंचायतीपुढे मांडायलाही हा हिशोब चोख आहे.

बांधताना या गोष्टी सांभाळा. पन्हाळीला १० मीटरमागे निदान १० सेंटिमीटर उतार. उतरत्या पाइपचा व्यास ११० मिमी, आणि ६०-८० चौरस मीटर छपराला एक पाइप. विदर्भातला पाऊस रिमझिम पडत नाही, कोसळतो. पन्हाळीचे लोखंडी कंस दोन-दोन फुटांवर. मे महिन्यातलं वादळ आणि वर्षभर उड्या मारणारी वांदरं, दोघांचीही परीक्षा कंसांनाच द्यावी लागते. पीव्हीसीपेक्षा टिनाची पन्हाळी उन्हात जास्त टिकते; ४५ अंशांत पीव्हीसी वाकडी होते.

पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. छपरावर सहा महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा, पानं असतात. १०० चौरस मीटरला पहिले १५० ते २०० लिटर बाहेर काढायला हवेत. काही ठिकाणी यासाठी उभ्या पाइपचा हातभर तुकडा लावलेला दिसतो. ११० मिमीच्या एक मीटर पाइपमध्ये आठ-नऊ लिटर मावतात, त्यानं काय होणार? त्याऐवजी २०० लिटरचा बंद ड्रम टी-जोडानं आडवाटेला जोडा. आधी ड्रम भरतो, तो भरला की पाणी पुढे टाकीकडे वळतं. ड्रमच्या तळाशी तीन मिमीचं भोक ठेवा. पाऊस थांबल्यावर ड्रम हळूहळू आपोआप रिकामा होतो आणि ते पाणी बाजूच्या झाडाला जातं. हातानं उघडायचा व्हॉल्व्ह ठेवलात तर तो एक तर कायम उघडा राहील किंवा कायम बंद.

टाकीच्या आधी रेती-कोळशाचा फिल्टर लावू नका. तासाला ५० मिमीच्या सरीत १०० चौरस मीटरवरून ४,००० लिटर येतात. ड्रममधली रेती एवढं पाणी पाझरू शकत नाही, आणि निम्मं बाहेर सांडतं. टाकीच्या तोंडाशी दोन थरांची नायलॉन जाळी पुरे. पिण्याला वापरणार असाल तर गाळणं टाकीतून बाहेर पडताना करा, जिथं पाणी सावकाश येतं.

टाकीचा पाया हा सर्वात दुर्लक्षित भाग. ५,००० लिटर म्हणजे पाच टन. काळ्या मातीवर नुसता विटांचा चौथरा केला तर पहिल्या उन्हाळ्यात तो तिरपा होतो. वरची काळी माती मुरमापर्यंत काढा, मुरूम भरून धुम्मस करा, मग चौथरा. जमिनीखालची टाकी काळ्या मातीत करायचीच झाली तर जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून आराखडा घ्या. फुगणारी माती भिंती आत ढकलते. तिच्या झाकणाला कुलूप हवं. साफ करायला आत मुलांना कधीही उतरवू नका, आणि मोठ्यांनीही झाकण बराच वेळ उघडं ठेवून, वर दुसरा माणूस उभा करूनच उतरा.

पिण्याच्या टाकीत १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरा. आधी बकेटीत कालवून निवळी तेवढी टाकीत टाका आणि अर्धा तास थांबा. पावडर जुनी, ओलसर झाली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहणारी) घ्यायला ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवा. वर्षातून एकदा तरी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या.

जमिनीत

टाकी भरल्यावरचं पाणी, आणि मैदानावरून वाहणारं पाणी, दोन्ही जमिनीत सोडता येतं. फरक लक्षात ठेवा: छपराचं पाणी स्वच्छ, मैदानाचं गढूळ. गढूळ पाणी बोरिंगच्या जवळपासही नको. बोरमध्ये थेट पाइप सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या बोरचं पाणी मुलं पितात. बोरिंगच्या बाजूला मुरमापर्यंत खड्डा घेऊन, तळाला दगड, मध्ये गिट्टी, वर रेती अशा थरांतून फक्त छपराचं पाणी मुरवा. वरची चार इंच रेती दरवर्षी मृगाआधी काढून धुवायची.

मैदानाच्या पाण्यासाठी उताराच्या खालच्या अंगाला, कुंपणाच्या आत, दोन फुटांचे चर आणि त्यांच्या काठावर झाडं. वरुड-मोर्शीकडे, जिथं संत्र्याच्या बागांनी भूजल फार खाली गेलंय, तिथं एका शाळेच्या चरांनी पातळी वर येणार नाही, हे मुलांना खरं सांगावं. मैदान चिखलमुक्त होतं आणि झाडं जगतात, एवढं नक्की. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात पाणी आधीच जमिनीच्या अगदी जवळ असतं, खड्डे नुसते भरून राहतात. तिथं पैसा आळ्यांवर आणि नळांवर लावा. गावात जुना मालगुजारी तलाव किंवा बोडी (छोटं तळं) असेल तर शाळेचं पाणी तिकडे वळवणं सोपं पडतं.

मे महिना

शाळा एप्रिलअखेर बंद होते आणि विदर्भात जून संपत आला तेव्हा उघडते. म्हणजे वापरलेलं पाणी नेमकं झाडांना सर्वात जास्त लागतं तेव्हाच नसतं. लावलेली झाडं मरतात ती याच दीड-दोन महिन्यांत. सुट्टी लागण्याआधी प्रत्येक रोपाभोवती सोयाबीनच्या कुटाराचा चार-सहा इंच थर द्या, खोडाला न टेकवता. रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तळाला बारीक भोक आणि त्यात सुताची वात, तोंडावर खापर. आठवड्यातून दोनदा मडकं भरलं तरी लहान रोप तगतं. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना चार-चार मडकी वाटून द्या. आणि नवीन झाडं लावताना पटसंख्येचा नाही, मडक्यांचा आकडा पाहा.

कोण करणार आणि पैसा कुठून

आळ्यात आलटून-पालटून पाणी सोडणं हे रोजचं काम. कुंडी उपसणं, तेलाची पेटी साफ करणं, ड्रम पाहणं: ही तीन कामं आठवड्याची आहेत. ती शनिवारी करा, त्याच दिवशी कोरडा दिवस पाळून, म्हणजे साठलेलं पाणी ओतून देऊन, रांजण-टाक्या घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. जिथं पाणी काढता येत नाही तिथं गप्पी मासे सोडा, आरोग्य उपकेंद्रातून मिळतात का ते विचारा. उपसण्याचं काम मुलांना देताना हातमोजे द्या, आणि ते एकाच वर्गाकडे किंवा ठरावीक घरच्या मुलांकडे जात नाही ना, हे शिक्षकांनी डोळ्यात तेल घालून पाहावं. पाळी सगळ्यांची. शिक्षकांचीही.

समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेच्या कामांसाठी असतो. नळ, आडवा पाइप, कुंडी आणि आळी त्यात बसतात. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीकडे येणारा बंधित निधी पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि स्वच्छतेसाठीच असतो, टाकीची मागणी तिथं करा. ग्रामपंचायत आराखडा तयार होण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव गेला पाहिजे, नंतर गेलेल्या ठरावाला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. शोषखड्ड्याच्या मजुरीसाठी गावात रोजगार हमीची कामं पाहणाऱ्या रोजगार सेवकाशी बोला. ठरावासोबत पहिल्या आठवड्याच्या मोजणीचा कागद जोडा. 'शाळेत पाणीटंचाई आहे' या वाक्यापेक्षा 'रोज ४२० लिटर नालीत जातं आणि ते वापरायला एवढा खर्च येतो' हे वाक्य ग्रामसभेत जास्त काम करतं.

टाकीची किल्ली, वायसरचा डबा आणि टीसीएलचा पुडा कुणाकडे आहे, हे कार्यालयाच्या फळ्यावर नावानिशी लिहून ठेवा. बदल्या होतात तेव्हा चार्जच्या यादीत या तिन्ही वस्तूंची नोंद करा.